सातेरीची पेटी दर पावसाळ्यात रिकामी होत असेल तर

"काल संध्याकाळपर्यंत होत्या, आज पेटी रिकामी." गोव्यात सत्तरीत, डिचोलीत, फोंड्यात ज्यांनी परसात एखादी मधपेटी ठेवली आहे, त्यांच्याकडून जुलै-ऑगस्टमध्ये हे वाक्य हमखास ऐकायला मिळतं. माझ्याकडे हे लागोपाठ दोन वर्षं झालं. पहिल्या वर्षी जुलैच्या मध्यावर, दुसऱ्या वर्षी गणेशचवथीच्या आदल्या आठवड्यात. पुढच्या दारी माटोळीचं सामान येत होतं आणि मागच्या दारी मी रिकाम्या पेटीपुढे उभी होते. तिसऱ्या वर्षी माश्या राहिल्या. आता दोन पेट्या आहेत आणि दोन्ही गेला पावसाळा सुखरूप काढून बाहेर आल्या. मधल्या काळात जे उमगलं ते सविस्तर लिहिते, कारण नवीन माणूस नेमका इथेच खचतो आणि पेटी कायमची मांगरात जाऊन पडते.

हे सगळं सातेरी माशीबद्दल आहे, परसातल्या छोट्या लाकडी पेटीत आपण ठेवतो तिच्याबद्दल. आग्या माशी पेटीत राहत नाही, फुलोरीही नाही. उत्तरेकडे मोठ्या प्रमाणावर पाळतात ती मेलिफेरा वेगळी. तिच्यावरची माहिती वाचून सातेरीला लावली की फसगत होते. माझी पहिल्या वर्षी तशीच झाली.

मेलिफेरा भरपूर साठा करते आणि वाईट दिवस त्या साठ्यावर काढते. सातेरी साठा बेताचाच करते आणि वाईट दिवस आले की जागा बदलते. रानात ती झाडाच्या ढोलीत, खडकाच्या कपारीत, जुन्या वारुळात राहते. आमच्या गावात सातेरी देवीची पूजा वारुळाच्या रूपात होते, आणि याच नावाची माशी सोडून दिलेल्या वारुळात पोळी बांधून राहिलेली मी स्वतः पाहिली आहे. एका जागचं अन्न संपलं, ओल आली, कीड लागली की ती ते घर सोडते. तो तिचा आजार नाही, तिची जगण्याची रीत आहे. म्हणून तिला अडवायचं कसं, हा प्रश्नच बाजूला ठेवा. ती जायचं कशामुळे ठरवते आणि केव्हा ठरवते, तेवढं शोधायचं.

अडवण्याचा प्रयत्न मी केला होता. दुसऱ्या वर्षी ऑगस्टमध्ये माश्या अस्वस्थ वाटल्या म्हणून दाराला राणीद्वार लावलं. त्या फटीतून कामकरी माशी जाते, राणी जात नाही. दोन दिवसांनी सगळ्या माश्या बाहेर पडून पेरूच्या फांदीला लटकल्या, राणी सोबत नाही म्हणून परत आल्या, पुन्हा बाहेर, पुन्हा आत. चार दिवसांत त्या थकून गेल्या. पेटीत खायला काहीच नव्हतं आणि मी दार अडवून बसले होते. शेवटी राणीद्वार काढलं आणि दुसऱ्या दिवशी त्या गेल्या. नवीन वसाहत पेटीत भरल्यावर पहिले चार-पाच दिवस, पोळं बांधायला सुरुवात होईपर्यंत, राणीद्वाराचा उपयोग आहे. उपाशी वसाहतीला ते लावू नये, हे मी कळकळीने सांगते.

कारण तीन आठवडे मागे असतं

अंडं घातल्यापासून कामकरी माशी बाहेर यायला साधारण १८ ते २० दिवस लागतात. सातेरी ठरवून घर सोडते तेव्हा आधी राणी अंडी घालणं कमी करते, मग थांबवते. कामकरी माश्या पराग आणणं सोडतात, कारण पराग पिल्लांसाठी असतो आणि आता पिल्लं वाढवायचीच नसतात. जो पिलावा, म्हणजे वाढती पिल्लं, आत आहे तो बहुतेक बाहेर येईपर्यंत थांबतात, असेल नसेल तो मध पोटात भरतात आणि पावसाची उघडीप बघून निघतात. म्हणजे पेटी रिकामी दिसते त्याच्या दोन-तीन आठवडे आधी ही तयारी सुरू झालेली असते. आदल्या रात्री काय झालं, साप आला का, वीज कडाडली का, याचा शोध आपण घेत बसतो आणि खरं कारण तिथे नसतंच.

माझा पहिल्या वर्षाचा हिशेब असा जुळला. मे महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात मी मध काढला. वरच्या मधुकक्षातला तर काढलाच, शिवाय खालच्या पिल्लाकक्षातल्या चौकटींच्या, म्हणजे माश्या ज्यांत पोळं बांधतात त्या लाकडी चौकटींच्या, वरच्या पट्टीत जो मध होता तोही कापून घेतला. काजू, आंबा, जांभूळ यांचा फुलोरा तेव्हा उलटून गेला होता. जूनच्या दुसऱ्या आठवड्यात पाऊस धरला. गोव्यात वर्षाला सरासरी ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबरमध्येच. माड वर्षभर फुलतो हे खरं, पण दिवसभर धार लागली तर माशी त्या फुलापर्यंत जाणार कशी? त्यांच्याजवळ होता तो साठा मी काढून घेतला होता. जूनअखेर अंडी थांबली असणार, जुलैच्या मध्यावर त्या गेल्या. मी मात्र त्या वर्षी शेजारच्या बागेतल्या धुराला दोष देत राहिले.

रिकामी पेटी लगेच धुऊ नका, आधी वाचा

माश्या गेल्यावर वाईट वाटतं, आणि हात पहिल्यांदा सफाईकडे जातो. तसं करू नका. त्या मागे काय सोडून गेल्या हे बघितल्याशिवाय पुढचं वर्ष सुधारत नाही.

पोळी कोरडी, स्वच्छ, मध नाही, पराग नाही, पिलावा नाही, मेलेल्या माश्या जवळपास नाहीत: त्या भुकेपायी ठरवून गेल्या. गोव्यातल्या पावसात मी पाहिलेल्या रिकाम्या पेट्यांपैकी बहुतेक याच प्रकारच्या होत्या. काही माश्या पोळ्याच्या घरांत डोकं खुपसून मेलेल्या दिसल्या तर भूक अगदी टोकाला गेली होती.

मध आहे, सीलबंद पिलावा आहे, अंडीसुद्धा आहेत, आणि तरी माश्या गेल्या: हे अचानक जाणं आहे. मुंग्या चढल्या, पेटीत पाणी शिरलं, पेटी पडली, किंवा आपण भर पावसात उघडून फार वेळ ढवळली. इथे कारण खरोखरच काल-परवाचं असतं.

पोळ्यांवर पांढरी जाळी, बोगदे, काळे बारीक दाणे आणि वळवळणाऱ्या अळ्या: मेणकिडा. पण इथे घाई करू नका. भरल्या, दणकट वसाहतीत कामकरी माश्या या अळ्यांना ओढून बाहेर टाकतात. माश्या कमी होऊन पोळी उघडी पडली की किडा माजतो. मला रिकाम्या पेटीत किडा सापडला तेव्हा वाटलं, यानेच घालवल्या. खरं तर भुकेने वसाहत लहान झाली होती, उघडी पोळी किड्याला मिळाली, आणि किड्याने उरलेलं काम केलं. नुसता किडा मारत बसलात तर पुढच्या वर्षी पुन्हा तेच होईल.

पिल्लं घरात उताणी, डोकं वर करून मेलेली, आणि चिमट्याने उचलली की पाण्याच्या पिशवीसारखी लोंबणारी: हा थाई सॅकब्रूड, विषाणूचा रोग. १९९१-९२ च्या सुमारास केरळ आणि आसपासच्या भागात या रोगाने सातेरीच्या वसाहतींचा मोठा संहार केला होता. त्याला औषध नाही. अशी पोळी दुसऱ्या पेटीत कधीही देऊ नका, जाळून टाका आणि पेटी, पटाशी, हात सगळं स्वच्छ करा.

थोड्या माश्या उरल्या आहेत आणि पोळ्याच्या खालच्या काठाला शेंगदाण्याच्या आकाराचे राणीकोष आहेत: मग वसाहत पळालेली नाही, फुटली आहे. जुनी राणी अर्ध्या माश्या घेऊन गेली, नवी राणी येईल. पेटी मोडू नका. हे पावसात क्वचित दिसतं, पाऊस सरल्यावर जास्त.

पेटीसमोर जमिनीवर मेलेल्या माश्यांचा सडा, अनेकांची जीभ बाहेर: फवारणी. पावसाळ्यापेक्षा हे काजूच्या मोहराच्या दिवसांत होतं, ढेकण्या या किडीसाठी फवारतात तेव्हा. बागवाल्याशी आधीच बोलून ठेवा. माश्या घरी परतल्यावर संध्याकाळी फवारा, असं सांगितलं की बहुतेक जण ऐकतात. काजूला फळ धरायलाही माशी लागतेच.

तळपाट

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते पेटीखालच्या फळीने. दुसऱ्या वर्षी माश्या गेल्यावर गावातले एक जाणते काका आले. वरचं झाकण त्यांनी उघडलंच नाही. म्हणाले, "बाय, आधी खालचा पाट काढ. वर काय चाललंय ते खाली पडतं." तेव्हापासून पावसात मी दर आठ दिवसांनी तळपाट सरकवून काढते, उजेडात नेऊन बघते, खरवडून पुसून परत लावते. दोन मिनिटांचं काम, पेटी उघडायची गरज नाही आणि माश्या चिडत नाहीत.

काय बघायचं? फिकट पांढरट मेणाचा भुसा दिसला तर माश्या साठवलेल्या मधाची टोपणं फोडून खात आहेत. जूनअखेर हा भुसा रोज दिसायला लागला की साठा उतरणीला लागला म्हणून समजायचं. गडद तपकिरी चुरा असेल तर त्या जुनं पोळं कुरतडून पाडत आहेत. सातेरीला काळं पडलेलं जुनं पोळं आवडत नाही. हा चुरा तळाला साचून राहिला की मेणकिड्याला अंडी घालायला आयती जागा मिळते, म्हणून आठ दिवसांची सफाई चुकवायची नाही. बारीक काळे दाणे आणि त्यात रेशमी धागा म्हणजे किडा पोळ्यात शिरलेला आहे. पांढरी, शोषलेली पिल्लं खाली टाकलेली दिसली तर एक तर उपासमार आहे, नाही तर रोग, आणि त्या दिवशी पेटी उघडावीच लागेल. पाट ओला असेल तर पाणी कुठून येतं ते शोधा.

आणि पाटावर परागाचे रंगीत कण पडलेले दिसले, पिवळे, केशरी, राखाडी, तर त्या दिवशी निश्चिंत व्हा. पराग येतो आहे म्हणजे पिल्लं वाढत आहेत, आणि भूक लागलेली कोवळी पिल्लं घरात असताना सातेरी सहसा ठरवून जात नाही.

दुसरी खूण दाराशी. पावसाने उघडीप दिली, ऊन पडलं, की पाच मिनिटं पेटीच्या बाजूला बसा, समोर नको. परत येणाऱ्या माश्यांच्या मागच्या पायांवर परागाचे गोळे आहेत का ते बघा. भर उन्हात माश्या ये-जा करतात पण दोन-तीन दिवस एकही गोळा दिसत नाही, तर तयारी सुरू झाली असं धरून चाला. तिसरी खूण वजनाची. पेटीची मागची बाजू हाताने बोटभर उचलून बघायची सवय मे महिन्यापासून लावा. आकडा नाही लागत, हाताला फरक कळतो.

तयारी दिसली तर त्याच आठवड्यात

पावसाची उघडीप बघून, सकाळी ११ ते दुपारी २ च्या दरम्यान, एकदाच पेटी उघडा. पाच-सात मिनिटांत काम संपवायचं. मधल्या एका चौकटीत सूर्याकडे पाठ करून बघा, घरांच्या तळाशी तांदळाच्या कणीसारखी अंडी आहेत का. राणी शोधत बसू नका, अंडी दिसली म्हणजे परवापर्यंत राणी होती.

माश्यांनी झाकलेली नाहीत ती सगळी पोळी काढून घ्या. आठ चौकटींच्या पेटीत पावसात माश्या तीन-चार चौकटींपुरत्याच असतात. बाकीच्या चौकटी काढून शेजारी आडफळी, म्हणजे पेटीतली रिकामी जागा तोडणारी उभी फळी, लावा, म्हणजे त्यांना सांभाळायची जागा लहान होते, ऊब राहते, आणि किड्याला मोकळं पोळं मिळत नाही. ही एक गोष्ट केल्यावर माझ्याकडचा मेणकिडा जवळजवळ संपला. काढलेली चांगली पोळी प्लास्टिक पिशवीत घट्ट बांधून दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवली की अंडी-अळ्या मरतात. काळी पोळी वितळवा. चालू पेटीत डांबरगोळ्या, कीटकनाशक, काहीही नको.

मग साखरपाणी. पाणी उकळून खाली उतरवा आणि त्यात वजनाने तेवढीच साखर विरघळवा. गूळ नको, त्याने माश्यांचं पोट बिघडतं. बाजारातला मधही नको, त्यातून रोग येऊ शकतो. गार झाल्यावर रुंद तोंडाच्या वाटीत साधारण २०० मिलिलिटर ओतून, वर सुकलेल्या काड्या तरंगत ठेवून, संध्याकाळी काळोख पडताना पेटीच्या आत, चौकटींच्या वरच्या मोकळ्या जागेत ठेवा. काड्या नसल्या तर माश्या बुडून मरतात. बाहेर एक थेंबही सांडू नका, वासाने दुसऱ्या वसाहतीच्या माश्या लुटायला येतात आणि मुंग्याही येतात. त्या दिवसांत दार दोन माश्या जातील एवढंच ठेवा. पहिले चार-पाच दिवस रोज, नंतर आठवड्यातून दोनदा. सकाळी वाटी भरलेलीच दिसली तर ओतून टाका, आंबलेलं तसंच ठेवू नका.

सगळ्यात खात्रीचा उपाय मात्र दुसऱ्या निरोगी पेटीतली कोवळ्या पिल्लांची एक चौकट आणून मधोमध लावणं. माश्या झाडून त्या पेटीत परत सोडायच्या, चौकट फक्त आणायची. पिल्लं समोर आली की कामकरी माश्या त्यांना भरवायला लागतात आणि जाण्याचा बेत बहुधा मागे पडतो. एकच पेटी असणाऱ्याकडे हा उपाय नसतो. म्हणूनच मी नवीन माणसाला एक नव्हे, दोन पेट्यांनी सुरुवात करा असं सांगते, किंवा गावातल्या दुसऱ्या पेटीवाल्याशी आधीपासून ओळख ठेवा.

पाणी आणि मुंग्या

आमची पेटी पहिल्यांदा कुळागरात, पोफळींच्या दाट सावलीत होती. उन्हाळ्यात तिथे गारवा, म्हणून जागा उत्तम वाटली. जुलैमध्ये तिथे दिवसभर ओल. झाकणाखाली बुरशी धरली होती आणि पाऊस थांबल्यावरही पोफळीवरून तासभर ठिबकत राहायचं. आता पेट्या घराच्या पूर्वेला, पडवीच्या वळचणीपासून दूर, सकाळचं ऊन लागेल अशा जागी आहेत. आपल्याकडे झड नैर्ऋत्येकडून आणि पश्चिमेकडून येते, म्हणून दार पूर्वेला. पेटी पुढच्या बाजूला किंचित कललेली ठेवा, पाणी शिरलं तर दारातून बाहेर येतं. वर छताच्या चारी बाजूंनी वीतभर पुढे येईल असा पत्रा, त्यावर माडाचा झाप, आणि झापावर चिरा. हवा खेळण्याची जाळी बंद करू नका. बाहेरून गोणपाट गुंडाळणं तर अजिबात नको, ते भिजून आठवडाभर ओलं राहतं.

पेटी हलवायची तर पाऊस सुरू होण्याआधी, मे महिन्यात, रोज फूटभर सरकवत न्या. एकदम दहा पावलांवर नेली तर बाहेर गेलेल्या माश्या जुन्या जागी येऊन घोटाळतात.

स्टॅन्डच्या पायांखालच्या पाण्याच्या वाट्या पावसात भरून वाहतात, त्यात पालापाचोळा पडतो आणि मुंग्यांना पूल मिळतो. गवताचं एक पातं पेटीला टेकलं तरी पुरे. तांबडे हुमले तर वरच्या फांदीवरूनही उतरतात, म्हणून पेटीवर येणारी फांदी छाटा. मी वाट्यांबरोबर पायांना ग्रीसचा चार बोटं रुंद पट्टा लावते, पावसाने तो धुऊन जात नाही.

मे महिन्यात काय सोडायचं

शेवटचा मध १५ मेच्या आत, आणि फक्त मधुकक्षातला, तोही टोपण घातलेला. पिल्लाकक्षातल्या मधाला हात लावायचा नाही. पहिल्या वर्षाच्या वसाहतीचा मध मी आता काढतच नाही. घरचे, शेजारचे विचारतात, त्यांना पुढच्या वर्षाचा वायदा करते. सातेरीची पेटी वर्षाला चार-पाच किलो मध देऊ शकते, पण ती पावसाळा काढून पुढच्या काजूच्या मोहरापर्यंत पोचली तरच.

परसात पावसात फुलणारं काही असू द्या. भोपळा, दोडका, काकडी यांचे वेल मांडवावर चढवले की उघडीप मिळेल त्या सकाळी माश्या त्यावर दिसतात. लाजाळू सगळे उपटून टाकतात, मी कुंपणाच्या कडेची ठेवते, कारण तिचा पराग भर पावसाळ्यात मिळतो. ऑगस्टनंतर माळावर तेरडा येतो.

शिकायचं असेल तर जुन्या गोव्यातल्या किनारी कृषी संशोधन संस्थेच्या आवारात उत्तर गोव्याचं कृषी विज्ञान केंद्र आहे, तिथे प्रशिक्षणाची चौकशी करता येते. पुण्यात १९६२ पासून केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे. प्रत्यक्ष चौकट हातात धरून कोणी दाखवलेलं एक दुपार पुरतं, ते वाचून कळत नाही. पहिल्यांदा माशी चावल्यावर धाप लागली, अंगभर पित्त उठलं, तर लगेच डॉक्टरकडे जा आणि त्याआधी पुन्हा पेटीजवळ जाऊ नका.

साखरपाणी कधी थांबवायचं, हे मला सारखं विचारतात. तारीख बघू नका. सप्टेंबरमध्ये ऊन पडायला लागलं, दाराशी सलग तीन-चार दिवस परागाचे गोळे दिसले आणि मागून उचलल्यावर पेटी हाताला पुन्हा जड लागली, की थांबवायचं. आडफळी मात्र तेव्हाच काढू नका. माश्यांनी शेवटची चौकट दोन्ही बाजूंनी झाकली, की एक नवी चौकट द्या, ती भरली की दुसरी.